काचेवरची मोजणी

गाडीची पुढची काच बाहेर बघण्यासाठी असते, असं कारखान्यातल्या लोकांना वाटत असावं. घरी आल्यावर ती सामायिक मिळकत होते. कॅमेरा निवडायला एक संध्याकाळ पुरली. तो काचेवर चिकटवायचा कुठे, याची मोजणी मात्र उन्हाळ्यात सुरू झाली ती पावसाळा आला तरी संपेना.

डॅशकॅम, म्हणजे समोरचा रस्ता टिपत राहणारा हा कॅमेरा, का घेतला, हे पुण्यात गाडी चालवणाऱ्याला सांगायला नको. उलट्या दिशेने येऊन आपल्या बंपरला घासणारा माणूस हेल्मेट काढायच्या आधीच "दिसत नाही का?" विचारतो, आणि जमलेल्या दहा जणांपैकी नऊ जण तोवर त्याच्या बाजूचे झालेले असतात. तर ते असो. मुद्दा जागेचा.

आमची गाडी २०१७ ची. काचेच्या मध्यभागी, आरशाच्या मागे फास्टॅग आहे. फेब्रुवारी २०२१ पासून तो सक्तीचा झाला आणि तो काचेला आतून चिकटलेलाच हवा. खिशातून काढून दाखवायची सोय नाही. डाव्या कोपऱ्यात नव्या सुरक्षा नंबरप्लेटच्या जोडीबरोबर तिसरा म्हणून आलेला स्टिकर आहे. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या गाड्यांना ती पाटी बसवून घ्यायची होती, आणि मुदतवाढ मिळत गेली म्हणून आम्हीही शेवटच्या गर्दीत जाऊन बसवली. स्टिकर फिका निळा, कारण गाडी पेट्रोलची. डिझेलची असती तर केशरी मिळाला असता. हे दोन्ही कब्जे सरकारी, त्यांना हात लावायचा नाही. त्यांच्या शेजारी सोसायटीचा पार्किंगचा स्टिकर. त्याच्या खाली गेल्या वर्षीचा, आणि त्याच्या खाली अर्धवट खरवडलेला त्याच्या आधीचा. आरशाला बायकोने अडकवलेली मण्यांची माळ. आणि खाली डॅशबोर्डवर, बरोबर मध्यावर, आईचा गणपती.

आता उरलेल्या जागेत तळहाताएवढं यंत्र बसवायचं. खोक्यातल्या कागदावर चित्र होतं. आरशाच्या मागे, प्रवाशाच्या बाजूला लावा, असं त्यात बाणाने दाखवलं होतं. फक्त चित्रातल्या गाडीचं स्टीअरिंग डावीकडे होतं. ते चित्र जसंच्या तसं पाळलं असतं तर कॅमेरा माझ्या नाकासमोर आला असता आणि समोरचा रस्ता मला फक्त कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसला असता. म्हणून चित्र आरशात धरून बघायचं, म्हणजे आपल्याकडचं होतं.

जाणकार म्हणतात की भिंग वायपर फिरतो त्या पट्ट्यातच आलं पाहिजे. हे पटण्यासारखं आहे. काचेच्या वरच्या कोपऱ्याला वायपर पोचत नाही, आणि जुलैत ट्रकमागून गेलं की तिथे जो चिखल बसतो तो दसऱ्यापर्यंत टिकतो. मी मुलाचा व्हाइटबोर्डचा मार्कर घेतला, काचेवर पाणी उडवून वायपर चालू केले आणि आतून त्यांच्या वाटेवर रेघ ओढली. दोन कमानी निघाल्या. मधे, आरशाच्या खाली, दोन्ही वायपरना न जुमानणारा एक त्रिकोण उरला. आणि नेमकी तीच जागा मला पसंत पडली होती.

मग बायको स्टीअरिंगवर बसली आणि मी कॅमेरा अंगठ्याने काचेला दाबून धरला. "डावीकडे. अजून. अरे, तुझंच डोकं मधे येतंय." मी डोकं काढलं. "आता सिग्नल दिसत नाही." सिग्नल नव्हताच, आम्ही पार्किंगमध्ये होतो, पण तिचं म्हणणं असं की असता तर दिसला नसता. याला उत्तर नाही.

तेवढ्यात सासरे खाली आले. सासरे एसटीत ड्रायव्हर होते, स्वारगेट-सातारा केलेले. त्यांनी हात मागे बांधून गाडीला एक प्रदक्षिणा घातली, पुढे उभे राहिले आणि म्हणाले, "जावईबापू, काच मोकळी पायजे. आमच्या गाडीला काचंवर एकच गोष्ट असायची, गावाची पाटी. ती बी पार वर." मी म्हटलं, "बाबा, हा कॅमेरा आहे, पुरावा राहतो." त्यावर ते म्हणाले, "आमचा पुरावा म्हणजे कंडक्टर." आणि वर गेले.

पहिली चाचणी काचेला चोखून धरणाऱ्या व्हॅक्यूमच्या रबरी बुडावर घेतली, म्हणजे जागा बदलता येईल. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत जे होतं ते झालं: रबर मऊ पडलं, हवा शिरली, आणि पहिल्याच गतिरोधकाला कॅमेरा सुटून आईच्या मांडीवरच्या कोथिंबिरीत पडला. चित्रण चालूच होतं. पुढचा सगळा रस्ता हिरवा आहे.

पण खरी पंचाईत त्याच्या आदल्या चित्रणात निघाली. रात्री सगळे टीव्हीसमोर बसून बघत होतो. कात्रजचा घाट, पुढे टेम्पो, वर निळंशार आकाश, आणि आकाशात, ढगांच्या किंचित वर, सोंडेसकट गणपती. वळण आलं तरी गणपती तिथेच. बोगद्यात गाडी शिरली तेव्हा दिसेनासा झाला, बाहेर आली की पुन्हा प्रकट. डॅशबोर्डवरच्या मूर्तीचं प्रतिबिंब काचेत पडतं आणि भिंग ते इमानाने टिपतं, एवढंच कारण. आईने हात जोडले.

"बघ," ती म्हणाली, "तू उगाच पुरावा-पुरावा करतोस."

यावर तांत्रिक उपाय दोन. एक, भिंगावर पोलरायझरची काच चढवायची आणि प्रतिबिंब मावळेपर्यंत ती फिरवत बसायचं. दोन, मूर्ती हलवायची. दुसरा उपाय मी मोठ्याने बोललोही नाही. काच मागवली, चढवली, फिरवली. गणपती फिका झाला, पूर्ण गेला नाही. खाली काळं मखमली कापड अंथरलं, तेव्हा डॅशबोर्डची चमक तेवढी गेली. शेवटी कॅमेरा बोटभर डावीकडे आणि थोडा वर घेतला, तेव्हा देव चौकटीच्या कडेला सरकले. आता फक्त मुकुटाचं टोक दिसतं. आईला तेवढं पुरतं, आणि मला समोरच्या गाडीचा नंबर वाचता येतो.

जागा मुक्रर झाल्यावर दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपची पाळी. ही टेप एकदा लागली की लागली. काच स्पिरिटने पुसायची, कोरडी होऊ द्यायची, टेप दाबून धरायची आणि यंत्राचं वजन तिच्यावर दुसऱ्या दिवशी टाकायचं. आरशामागच्या काळ्या ठिपक्यांवर चिकटवू नये. तिथे काच सपाट नसते, टेपखाली हवेचे बुडबुडे राहतात. फास्टॅगवर तर नाहीच. मी आमच्या मार्करच्या रेघेच्या आत, ठिपक्यांच्या खाली, टॅगच्या डावीकडे पेन्सिलीएवढी फट सोडून टेप लावली आणि ती अंगठ्याने दाबत असताना सोसायटीचा वॉचमन येऊन म्हणाला, "साहेब, नवीन वर्षाचा स्टिकर आलाय. सेक्रेटरी म्हणाले, काचेवर मधोमध लावा." तो स्टिकर अजून माझ्या पाकिटात आहे.

वायरचं काम मी दुकानातल्या पोराला दिलं. हे घरी करू नये असं माझं ठाम मत आहे. वायर छताच्या कडेने कापडात खोचत न्यायची, दाराच्या रबराच्या बीडिंगखालून उतरवायची आणि फ्यूजच्या डब्यात जोडायची. पुढच्या खांबात एअरबॅग असेल तर वायर तिच्या मागून काढावी लागते. समोरून गेली तर वेळेला एअरबॅग उघडताना आड येते. पोराने हे सगळं तोंडात फ्यूज धरून, एका प्लास्टिकच्या पट्टीने, बोलता बोलता केलं. जाताना म्हणाला, "साहेब, जागा कुणी सांगितली? मस्त बसलाय." मी काही बोललो नाही.

कॅमेऱ्यात धक्का ओळखणारा सेन्सर असतो. गाडीला हादरा बसला की त्याला अपघात झाला असं वाटतं आणि तेवढा तुकडा तो वेगळा जपून ठेवतो. परदेशात ही सोय असेल. आमच्या घरापासून हमरस्त्यापर्यंतच्या वाटेवर त्याला वरचेवर अपघात होतात. आठवड्यात कार्ड भरलं, आणि उघडून बघितलं तर नुसते खड्डे. सेन्सर सगळ्यात मंद करून ठेवला, तरी दोन खड्डे त्याला अजून पटत नाहीत.

ते तुकडे पुसणार होतो, पण सासऱ्यांनी पुसू दिले नाहीत. जेवणानंतर हल्ली ते मालिका लावत नाहीत, माझं कार्ड लावतात. चित्रात रस्ताच दिसतो, गिअर दिसत नाही. पण इंजिनाचा आवाज येतो आणि त्यांना तेवढं बास आहे. परवा खंबाटकीचा चढ चालू होता. त्यांनी रिमोटने चित्र थांबवलं, मागे नेलं, पुन्हा ऐकलं आणि बायकोला हाक मारली.

"ये ऐक. इथं दुसरा टाकायला पायजे होता. चौथ्यात ओढतोय बघ, कसं घुरघुरतंय."

बायको आली, तिने ऐकलं, आणि माझ्याकडे बघितलं.

"रोजच करतो, बाबा," ती म्हणाली.