काळा रंग म्हणजे डिप्रेशन?

महिनाभरात चार ग्रुपांवरून एकच मेसेज आला: 'मन जड झालंय? कागदावर मनाला येईल ते फराटे मारा. काळा रंग जास्त आला तर डिप्रेशन समजा. रोज एक चित्र काढा, २१ दिवसांत गोळ्या बंद.' मी भुसावळला चित्रकला शिकवतो. फराटे मारण्यापर्यंत ठीक, पुढचं पटत नाही.

आधी काळ्याचं. रंगावरून आजार ओळखता येत नाही. आमच्या तापीकाठी काळी म्हणजे कापूस-केळीची कसदार जमीन. ज्याला काळी जास्त, तो सुखी! माझ्या मावसभावाचे वडील, आबा, गेले तेव्हा त्याने अख्खा कागद काळा केला. मी हबकलो. विचारलं तर म्हणाला, "लाल बाटलीचं झाकणच निघालं नाही." पोस्टर कलर, त्यात आमचा मे महिना. मी गप्प बसलो. मग त्याने कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे ब्रश इतका घासला होता की कागदाची लव उठली होती. "हे आबा," म्हणाला, आणि रडला. तो बोलला नसता तर ते मला जन्मात कळलं नसतं.

आर्ट थेरपीत, म्हणजे चित्रं काढून घेऊन केलेल्या मनाच्या उपचारांत, हेच करतात. क्षयातून उठलेल्या ॲड्रियन हिल या ब्रिटिश चित्रकाराने १९४२मध्ये तिला हे नाव दिलं. प्रशिक्षित थेरपिस्ट चित्राचा अर्थ सांगत बसत नाही, काढणाऱ्याला विचारतो.

'मनाला येईल ते' फराटे मारले की झालं अमूर्त चित्र, असं कुणाला वाटेल, तर तेही अर्धवटच. अमूर्त चित्रांसाठी नावाजलेले वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफ घेऊन एकेका कॅनव्हासशी झुंजत, वर्षाकाठी मोजकीच चित्रं करत. अर्थात मन हलकं करायला गायतोंडे व्हावं लागत नाही.

खरा घातक आहे तो २१ दिवसांचा आकडा. डिप्रेशनच्या गोळ्यांचा गुण यायलाच दोन ते सहा आठवडे लागतात. म्हणजे औषध लागू पडायच्या बेतात असताना हा मेसेज ते सोडायला लावतो. एकदम बंद केल्या तर चक्कर येते, झोप उडते, आजार उलटू शकतो. डोस डॉक्टरच हळूहळू उतरवतात. डॉक्टरकडे जायचा धीर होत नसेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. फोन फुकट, मराठीत बोलता येतं.

मावसभावाच्या गोळ्या आठ महिने चालल्या, चित्रं अजून चालू आहेत. परवा गरम पाण्यात धरून ती लाल बाटली उघडली एकदाची. आत रंग खडखडीत वाळलेला.