मुक्त भांडारात अ‍ॅप घुसवायचंय? या, बसा

अभिनंदन! तुमचं अ‍ॅप तयार झालं, मित्रांना नवी पेठेत पार्टी देऊन झाली, आणि आता ते मुक्त सॉफ्टवेअरच्या, म्हणजे ज्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा अ‍ॅपांच्या, भांडारात गेलं की बायोडेटात एक ओळ वाढणार. या शुभकार्यात आडवे येतो ते आम्ही, म्हणजे हे भांडार (रेपो) सांभाळणारे. सोलापुरात बसून, नोकरी सांभाळून, मराठी अ‍ॅपांचं एक छोटंसं भांडार चालवतो. अवजारं एफ-ड्रॉइडची, म्हणजे अँड्रॉइडवरच्या मुक्त अ‍ॅपांच्या मोठ्या भांडाराची, नियमही त्यांचेच. आम्हाला चकवायचं कसं ते आमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तर ऐका.

परवान्याची फाइल टाकूच नका. रीडमीत, म्हणजे कोडसोबतच्या माहितीच्या फाइलीत, ‘ओपन सोर्स आहे, बिनधास्त वापरा’ एवढं लिहून हात झटका. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार परवाना दिल्याशिवाय सगळे हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतात, पण कायदा वाचतो कोण? फाइल टाकायची हौसच असेल तर जीपीएल हा मुक्त सॉफ्टवेअरचा तयार परवाना घ्या आणि खाली स्वतःची एक ओळ चिकटवा : ‘व्यावसायिक वापरास सक्त मनाई’. कुणालाही, कुठल्याही कामासाठी प्रोग्रॅम चालवता आला पाहिजे, हे मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमनच्या चार स्वातंत्र्यांतलं पहिलंच. 1997 साली डेबियन या लिनक्स प्रणालीवाल्यांनी मार्गदर्शक तत्त्वं लिहिली, त्यातही हेच. पण तुमच्या एका ओळीपुढे त्या मंडळींचं काय चालणार! जेसन या डेटा-फॉरमॅटच्या मूळ परवान्यात ‘हे चांगल्या कामासाठी वापरावं, वाईट कामासाठी नाही’ असं भाबडं वाक्य होतं. तेवढ्यापायी स्टॉलमनचं फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन त्याला मुक्त मानत नाही. तुम्ही तर थेट धंद्यालाच बंदी घालता आणि पहिल्याच स्क्रीनवर ‘मुक्त’ म्हणून मिरवता. छान.

व्हर्जनला टॅग लावू नका. कुठला कोड कुठल्या व्हर्जनचा, ते शोधू द्या आम्हाला.

फाँट एखाद्या डीटीपीवाल्याच्या पेनड्राइव्हमधूनच घ्या. मुक्ता आणि लोहित हे देवनागरी फाँट खुल्या परवान्यावर मिळतात, पण फार सहज मिळतात, त्यात मजा नाही. सिद्धेश्वर मंदिराचा फोटोही नेटवरूनच उचला. तळ्याकाठी जाऊन स्वतःच्या मोबाइलवर काढायचा म्हणजे ऊन लागायचं.

कोड सगळा उघडा ठेवा, फक्त लिब्स फोल्डरात आधीच बांधलेली, आतला कोड न दिसणारी एखादी एएआर किंवा एसओ फाइल सोडून द्या. अ‍ॅप सोर्सवरून पुन्हा बांधायचं यातच आमच्या भांडाराचा जीव, आणि त्या फाइलच्या पोटात काय आहे ते तुम्हालाही माहीत नसतं. पानिपतला विणलेल्या चादरीवर सोलापूरचा शिक्का मारणारे याच तालमीत तयार झाले. आमच्या तपासणीच्या स्कॅनरने पकडलंच तर ‘टेस्टिंगची राहिली वाटतं’ म्हणायचं.

आता हुकमी युक्ती. पहिलं व्हर्जन अगदी सोवळ्यातलं द्या. बाहेरची एकही बंद लायब्ररी, म्हणजे आतला कोड लपवलेला तयार भाग, नाही, परवानगी फक्त इंटरनेटची. आम्ही खूश होतो, तुमचं नाव झळकतं, लोक विश्वासाने घेतात. मग पुढच्या अपडेटमध्ये हळूच वापरणाऱ्यांवर नजर ठेवणारं गूगलचं फायरबेस अ‍ॅनालिटिक्स आणि जाहिरातींचा एसडीके (तयार जोडभाग) ढकला. कोडमधल्या या बदलाला (कमिटला) नाव द्या, ‘किरकोळ दुरुस्त्या’.

हा धडा मला नुकताच प्रात्यक्षिकासह मिळाला. अ‍ॅप कसलं, तर नळाला पाणी कधी येणार ते सांगणारं. सोलापुरात अशा अ‍ॅपला नाही म्हणेल असा माणूस जन्मायचाय. आम्हीच घरोघरी सांगितलं, घ्या म्हणून. अपडेट आलं तेव्हा मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे अ‍ॅपच्या परवानग्यांच्या यादीत, जाहिरात-ओळखीची परवानगी येऊन बसलेली, वर बॅकग्राउंडमधलं लोकेशनही. नळ काय रात्रीतून घर बदलतो? अ‍ॅप लिहिणाऱ्या पोराला विचारलं तर उत्तर, ‘ओ सर, सगळेच वापरतात की!’ पुढे, ‘तुमचं गूगलशी काय वाकडं आहे ओ? माझा कोड गिटवर आहे की, बघा की!’ बघितला की. ग्रेडलमध्ये, म्हणजे अ‍ॅप बांधायच्या फाइलीत, एक ओळ आहे, आणि त्या ओळीमागची लायब्ररी बंद आहे. ती कुणी बघायची? अपडेट थांबवलं तर रात्री अकराला त्याच्या कॉलेजातल्या सरांचा फोन. पोरगं हुशार आहे, कॅम्पस इंटरव्ह्यू तोंडावर आलेत, जरा अ‍ॅडजस्ट करा.

काय अ‍ॅडजस्ट करू? अशोक चौकातल्या ज्या मावशींच्या फोनवर मी स्वतःच्या हाताने ते टाकून दिलं, त्यांना काय सांगू? त्या पाण्याचं टाइम टेबल बघत होत्या, तुम्ही त्यांना बघत होतात.

आणि आम्ही काही कर्मठ नाही. अ‍ॅपमध्ये जाहिराती असतील, माग काढला जात असेल, एखादी बंद सेवा लागत असेल, तर भांडारात तशी खूण लावायची सोय आहे. खूण लागली म्हणून अ‍ॅप हाकलत नाहीत. वापरणारा वाचतो आणि ठरवतो. पण तिथंही तुमचा अपमान होतो! ‘खूण काढा, इम्प्रेशन खराब होतं.’ आणि लायब्ररीच बंद असेल तर खूण लावूनही भागत नाही, हे पहिल्या दिवशी लेखी दिलं होतं. वाचलं नाहीत.

पर्याय नाहीत असंही नाही. नकाशाला ओपनस्ट्रीटमॅप आहे, क्यूआर वाचायला झेडएक्सिंग, क्रॅशची खबर हवी तर वापरणाऱ्याला विचारून पाठवता येईल अशी अक्रा, नोटिफिकेशनला युनिफाइडपुश. प्ले स्टोअरसाठी फायरबेस हवाच असेल तर ग्रेडलमध्ये वेगळा फ्लेवर, म्हणजे अ‍ॅपची वेगळी आवृत्ती, करा, तिकडे काय हवं ते घाला, आम्ही बघायलाही येणार नाही. हे सगळं माहीत असून तुम्ही करत नाही, कारण लोकांचा विश्वास तुम्हाला आयता हवाय आणि नियम मात्र दुसऱ्यांनी पाळायचे. लाज वाटू द्या थोडी. तो एसडीके काढा, परवान्याची फाइल धड लावा, टॅग टाका, मग अपडेट पाठवा. आणि सरांना मध्ये घालू नका. पुढच्या वेळी फोन आला तर अ‍ॅपच काढून टाकीन.