डिसेंबर आमच्या सोयीचा, आखाजी त्यांच्या

खानदेशातल्या कॉलेजांच्या जुन्या बॅचांमध्ये दोन वाद ठरलेले असतात. ग्रुपवर राजकारण चालू द्यायचं का, आणि गेट-टुगेदर कधी घ्यायचं. पहिल्याचा निकाल सोपा आहे. दोन ग्रुप करा. एक गप्पांचा, तिथे खुशाल भांडा. दुसरा फक्त निरोपांचा, त्यात अ‍ॅडमिनशिवाय कोणाला लिहिता येणार नाही असं सेटिंग ठेवा. लग्नपत्रिका, दवाखाना, कोणी गेलं तर गंधमुक्तीच्या विधीची तारीख एवढंच तिथे यावं. दुसरा वाद मात्र "परदेशातली मंडळी नाताळच्या सुट्टीत येतात, तेव्हाच ठेवू" असं म्हणून मिटवतात. तो चुकीचा मिटतो, हे आमच्यासारख्या परदेशात बसलेल्यांनीच सांगायला हवं.

ग्रुपची यादी उघडून बघा. वर्गातली मुलं बहुतेक सापडलेली असतात. मुली बोटावर मोजण्याइतक्या. डिसेंबरात विमानाने येणारे चौघे आले म्हणून गर्दी वाढत नाही. वीस कोसांवरच्या गावात असलेली वर्गमैत्रीण मात्र तीस-पस्तीस वर्षं यादीतच नसते.

इकडे अमेरिकेत हे काम कॉलेजचं कार्यालय करतं. दर पाच वर्षांनी मेळावा, प्रत्येक बॅचला एक सेक्रेटरी, आणि लग्नानंतर नाव बदललेल्या मुलीचं माहेरचं आडनावही यादीत छापलेलं. त्यामागे प्रेमापेक्षा देणगीचा हिशेब जास्त असतो, पण यादी पक्की राहते. आपल्याकडे माजी विद्यार्थी संघ बहुधा कॉलेजचा दर्जा तपासणारी नॅकची समिती यायच्या सुमारास जागा होतो. विद्यापीठाकडून तर काहीच मिळत नाही. जळगावचं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ 15 ऑगस्ट 1990 चं; त्याआधीच्या बॅचच्या पदव्या पुणे विद्यापीठाच्या. कॉलेजच्या जनरल रजिस्टरात नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख असते, पण आजचा पत्ता तिथे कुठून येणार?

तेव्हा यादी हातानेच करावी लागते. आडनावावरून शोधू नका. पाटील, चौधरी, महाजन एका वर्गात डझनाने असायचे, आणि फेसबुकवर हजारोंनी आहेत. रकाने असे ठेवा: माहेरचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका, आणि कशाने यायची. शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा. भुसावळ-सुरत लाइनच्या पॅसेंजरने किंवा एसटीने अपडाऊन करणाऱ्यांना कोण कुठे चढायचं ते अजून पाठ असतं. धरणगावला चढणारी, नरडाण्याला उतरणारी, एवढं कळलं की गाव सापडतं. गाव सापडलं की भाऊ सापडतो, निदान त्याचं किराणा दुकान तरी.

इथेच बहुतेक जण गडबड करतात. भावाकडून तिचा नंबर मागतात. कोण, कशासाठी, हे त्याला कळत नाही, आणि पुरुषाचा फोन असेल तर तो देतही नाही. नंबर मागू नका, आपला द्या, तोही वर्गातल्या दुसऱ्या मैत्रिणीचा. परदेशातून तर थेट फोन करूच नका. +1 किंवा +44 ने सुरू होणारा नंबर आता लोक फसवणुकीचा समजतात. फोन गावातल्या मैत्रिणीने करावा, आणि अहिराणीत किंवा लेवा बोलीत सुरू करावा. समोरच्याला लगेच कळतं की हा कर्ज विकणारा नाही. काही सासरी पहिलं नावही बदललेलं असतं, म्हणून बोलताना माहेरचंच नाव घ्यावं. आणि विचारल्याशिवाय ग्रुपमध्ये टाकू नये. तिचा फोन कदाचित सुनेच्या किंवा मुलाच्या हातात असतो.

आता तारीख. खानदेशात सासुरवाशीण माहेरी येते ती आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. 2026 मध्ये अक्षय्य तृतीया 19 एप्रिलला होती, 2025 मध्ये 30 एप्रिलला. पण खुद्द आखाजीला कोणी मोकळं नसतं. सकाळी पितरांची घागर, दुपारी खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस, पुरुष मंडळी पत्त्यांवर. शिवाय साठीकडे आलेल्या बाईकडे आता तिची स्वतःची लेक माहेरी आलेली असते. म्हणून आखाजीनंतर दोन-तीन दिवसांनी ठेवा, आणि नक्की कोणता दिवस ते आधी मुलींना विचारा. मुलांनी आणि आम्ही परदेशातल्यांनी नंतर जुळवून घ्यावं. आम्हाला तिकिटं बदलता येतात.

ऊन हा खरा अडथळा आहे. 44 अंशांत दुपारचा कार्यक्रम म्हणजे कोणाला तरी सलाइन. संध्याकाळी साडेपाच ते नऊ, तालुक्याच्या गावात, तळमजल्यावर, थंड पाण्याचे जार मोजून. रिसॉर्ट नको, लांब असतो आणि एसटी थांबत नाही. परतीच्या गाड्या आधी ठरवा, कोण कोणाला सोडणार ते कागदावर लिहून. नाहीतर निम्म्या बायका सातलाच उठतात. वांगी भाजून भरीत करायचा मोह होईल, पण ते हिवाळ्याचं काम. त्यासाठी डिसेंबरात शेतात वेगळी छोटी पार्टी करा, तिला आम्ही येतो.

जे येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी व्हिडिओ कॉल साडेसातला. एप्रिलअखेर तेव्हा दुबईत सहा, लंडनमध्ये तीन, न्यूयॉर्कला सकाळचे दहा, कॅलिफोर्नियात सात वाजलेले असतात. सिडनीवाल्याला मध्यरात्र होते, त्याला नाइलाज आहे. व्हॉट्सअ‍ॅप कॉलवर 32 जणच मावतात. फोन टेबलावर ठेवून सगळे एकदम बोलले की पलीकडे फक्त पंख्याचा आवाज जातो. एकाने फोन हातात धरून एकेकापाशी न्यावा, वीस मिनिटं, जेवणाआधी.

पैशाचं स्पष्टच. सगळं जेवण आमच्याकडून, असं परदेशातल्याने म्हणू नये. कापसाला भाव न मिळालेल्या वर्षीही मित्राला आपली पाचशेची वर्गणी स्वतः द्यायची असते. त्याहून मोठी मदत, म्हणजे वर्गखोली किंवा शिष्यवृत्ती, करायची तर नियम बघा. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याचे पैसे, मूळ भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, 2010 च्या एफसीआरए कायद्याखाली विदेशी अंशदान, म्हणजे परदेशी देणगी ठरतात. घेणाऱ्या संस्थेला त्या कायद्याखालची नोंदणी लागते. भारतीय पासपोर्ट असलेल्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलं तर ही अट येत नाही. कोणा एका मित्राच्या बचत खात्यात सगळं गोळा करू नका. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात 50,000 च्या वर आलेली भेट त्याच्या उत्पन्नात धरली जाते, आणि नोटीस आली तर ती त्याच्या घरी येते.