आठ बिऱ्हाडांचा सर्व्हर

आमच्या कार्यालयाच्या नव्या सर्व्हरमध्ये कोणती मेमरी असावी, याचा निर्णय गेल्या शनिवारी लॅमिंग्टन रोडवरील एका दुकानात प्रिंटरची शाई भरून घ्यायला आलेल्या एका निवृत्त गृहस्थांनी घेतला, आणि दुकानदाराने मला न विचारता तो वहीत उतरवूनही घेतला. कार्यालयातील संगणकांची सगळी व्यवस्था मीच पाहते, हे सांगण्याची वेळच आली नाही, कारण मी पायरी चढताच "मॅडम, बेटे के लिए गेमिंग?" या प्रश्नाने माझी जागा ठरून गेली होती.

काम सरळ होते. दादरच्या आमच्या सीए फर्ममध्ये हिशेबाचे सॉफ्टवेअर, फायलींचा साठा, हजेरी, बॅकअप अशी प्रत्येक गोष्ट एकेका म्हाताऱ्या संगणकावर चालते. ती सारी एकाच दणकट यंत्रात आभासी यंत्रे म्हणून, म्हणजे सॉफ्टवेअरने पाडलेले वेगवेगळे संगणक म्हणून, नांदवायची होती. यात नवलाचे काही नाही. आयबीएमने व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ मध्येच बाजारात आणली होती, आणि इंटेल व एएमडी यांनी २००५-०६ च्या सुमारास साध्या प्रोसेसरांतही याची सोय करून ठेवली आहे. सॉफ्टवेअरचा प्रश्नही मिटला होता: नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ही आभासी यंत्रांचे सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी विकत घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवली, तेव्हापासून आमच्यासारख्या लहान कार्यालयांची नजर प्रॉक्समॉक्स या तशाच मुक्त सॉफ्टवेअरकडे वळलेली आहे. उरला होता तो यंत्राचा प्रश्न, म्हणजे भाग निवडून असेंबल करून घ्यायचा की कंपनीचा तयार घ्यायचा.

ते गृहस्थ दुकानातल्या एकमेव स्टुलावर बसले होते. मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत काळी शाई गळणारे कार्ट्रिज, हातात दुकानदाराने मागवलेला कटिंग चहा. मी उभी होते.

"सर्व्हर घेताय, ताई? कशाला?"

मी सांगितले, की एका यंत्रात आठ यंत्रे चालवायची आहेत.

"म्हणजे खरी किती?"

"एक."

"आणि दाखवायची आठ?"

"दाखवायची नाहीत, काका. ती असतातच."

"कुठे असतात?"

या प्रश्नाला माझ्याकडे एका वाक्यात बसणारे उत्तर नव्हते. त्यांनी चहाचा घोट घेतला, माझ्या ओळखपत्रावरचे फर्मचे नाव सावकाश वाचले आणि आवाज खाली आणून विचारले, "हे ऑडिटला चालतं?"

चालते, असे मी म्हटले. ते त्यांना पटले नाही, पण त्यांनी मोठ्या मनाने विषय पुढे नेला. "आमच्या गिरगावच्या चाळीत एका मजल्यावर आठ बिऱ्हाडं आणि दोन संडास. रात्री अकराला बघितलंत तर दोन्ही मोकळे, दोनही जास्त वाटायचे. पण सकाळी साडेसहाला आठही घरं एकदम उठली की काय व्हायचं, ते तुम्हाला माहीत नाही. तुमची आठ यंत्रं सकाळी एकदम उठली तर?"

मला सर्वांत जास्त राग आला तो याच वेळी, कारण प्रश्न अचूक होता. प्रोसेसर पाळीपाळीने वापरता येतो. प्रोसेसरात प्रत्यक्ष आठ कोअर, म्हणजे काम करणारे आठ गाभे, असताना आभासी यंत्रांना मिळून सोळा वाटले तरी सहसा कोणी तक्रार करत नाही, कारण बहुतेक यंत्रे बहुतेक वेळ झोपलेली असतात. मेमरीचे तसे नसते. मी काकांना म्हटले, की संडास वाटून घेता येतो, खोली येत नाही. म्हणून प्रोसेसरवर थोडे कमी खर्चले तरी चालेल, मेमरी मात्र भरपूर हवी, आणि तीही ईसीसीच हवी.

"ईसीसी?" दुकानदाराने पहिल्यांदाच वर पाहिले. "वो लाइटवाला आता है?" म्हणजे गेमिंगच्या संगणकांत रंगीत दिवे लुकलुकवणारी मेमरी.

मी समजावले. सर्व्हरच्या ईसीसी मेमरीत दर ६४ बिटांमागे पडताळणीचे किमान आणखी ८ बिट असतात, त्यामुळे एखादा बिट उलटला तर तो जागच्या जागी दुरुस्त होतो, दोन उलटले तर निदान बोंब तरी होते. एरवी अशिलाच्या ताळेबंदातला एखादा आकडा गुपचूप बदलला तरी कोणाला पत्ता लागायचा नाही. दुकानदार हे सारे ऐकत होता, पण काकांच्या तोंडाकडे पाहत. काकांनी विचार केला आणि निकाल दिला: "लाइटवालीच लिहा. चालू आहे की बंद, ते तरी कळतं."

वहीत लाइटवाली मेमरी लिहिली गेली. बाजूला ज्या मदरबोर्डाचे नाव पडले, त्यावर दूरवरून पडदा पाहण्याची आणि यंत्र बंद-चालू करण्याची सोय नव्हती. ती सोय असलेला, सर्व्हरचे बोर्ड बनवणाऱ्या सुपरमायक्रो कंपनीचा बोर्ड मी मागितला, तेव्हा "सुपर क्या?" असे उत्तर आले. वीज अचानक गेली तरी हातातले लिखाण पुरे करण्यापुरते कपॅसिटर ज्यांत असतात अशा एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या डिस्का, मागितल्या, तेव्हा दुकानदार म्हणाला, की मुंबईत लाइट जातेच कुठे. आमचा शिपाई रोज रात्री निघताना मेन स्विच पाडून जाण्याला राष्ट्रीय बचत मानतो, हे मी त्याला सांगितले नाही. यूपीएसची बॅटरी संपेपर्यंत तो घाटकोपरला पोहोचलेला असतो आणि फोन उचलत नाही.

असेंबल करण्याची माझी ओढ पैशांसाठी नव्हती. कंपनीच्या दाराशी मी आधीच जाऊन आले होते. तेथे संकेतस्थळावर किंमत नसते, "आमचे प्रतिनिधी संपर्क साधतील" असा दिलासा असतो, आणि ते प्रतिनिधी पहिल्याच वाक्यात कर्मचारी किती, हे विचारून आकडा ऐकताच फोनवरच कंटाळतात. डिस्क बसवायचा ट्रेही त्यांच्याच नावाचा लागतो. शिवाय रॅकमध्ये बसणाऱ्या चपट्या सर्व्हरमध्ये ४० मिलिमीटरचे पंखे असतात. एवढे लहान पंखे पुरेशी हवा ढकलायची तर भयंकर वेगाने फिरतात, आणि आमच्याकडे सर्व्हरची वेगळी खोली नाही. सर्व्हर माझ्या पायाशी राहणार.

तेवढ्यात काकांनी, कार्ट्रिज परत पिशवीत घालताना, शेवटचा प्रश्न टाकला. "बिघडला तर माणूस कोणाचा येणार?"

दुकानदार म्हणाला, "आप लेके आओ, मैं भेज देगा."

भेज देगा म्हणजे बोर्ड एका सेवाकेंद्रात, मेमरी दुसऱ्या वितरकाकडे, पॉवर सप्लाय तिसऱ्याकडे, आणि दोष नक्की कोणत्या भागात आहे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी माझी. विवरणपत्रांच्या मुदतीच्या आठवड्यात, ३१ जुलैच्या तोंडावर, हे व्हायचे आणि भागीदार साहेब माझ्या टेबलाशी येऊन उभे राहायचे. तीन वर्षे दुसऱ्या कामकाजी दिवशी भाग घेऊन येणाऱ्या माणसासाठी कंपनी जे ज्यादा पैसे घेते, त्याचा हिशेब मी आतापर्यंत कागदावर मांडला होता. तो त्या सेकंदाला बदलला. हा हिशेब शाई भरायला आलेल्या माणसाने करावा आणि दुकानदाराने त्याला "सही बोला, अंकल" म्हणावे, हे मला आजही सहन होत नाही.

मी कंपनीचा टॉवर सर्व्हर, म्हणजे जमिनीवर ठेवायच्या उभ्या पेटीतला, घेण्याचे ठरवले आहे. तो पंख्यांच्या बाबतीत सुसह्य असतो, ईसीसी आणि दूरनियंत्रण दोन्ही त्यात आहे. अडले आहे ते मेमरीवर. २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा असा उपसा चालवला आहे, की कोटेशनवर आता "भाव आजपुरता" असे लिहून येते, आणि कंपनीच्या स्टिकरची मेमरी त्याहूनही महाग. तेव्हा कमीत कमी मेमरीचा सर्व्हर घेऊन उरलेली ईसीसी मेमरी बाहेरून बसवायची, असे मी प्रतिनिधीला सुचवले. त्याने वॉरंटीला बाध येणार नाही, असे फोनवर अगदी गोड आवाजात सांगितले. हेच मेलवर लिहून पाठवा, असे मी म्हटल्यापासून तो सतत मीटिंगमध्ये असतो.