अंध माणसासाठी रेडिओ घेताय? मग त्यालाच सोबत न्या

"काचबिंदूने बाबांची नजर गेली. दिवस जाता जात नाही. त्यांच्यासाठी कोणता रेडिओ घेऊ?" हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. मी जन्मापासून अंध, आकाशवाणी नागपूर 585 किलोहर्ट्झवर ऐकत मोठा झालो, म्हणून लोक हक्काने विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. बाबांना घेऊन बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात जा. ऑनलाइन मागवू नका. वाढदिवसाला अचानक हातात ठेवायचा म्हणून तर मुळीच नको.

डोळस माणूस दुकानात दिवे बघतो, पडदा बघतो आणि आवाज किती दणदणीत ते ऐकतो. आम्हाला आधी बटणं कळावी लागतात. सध्याच्या रेडिओत मेमरी कार्ड घालून गाणी, पुस्तकंही ऐकता येतात, पण बहुतेक स्वस्त सेटवर एकाच बटणाला दोन कामं दिलेली असतात: हलकं दाबलं की पुढचं गाणं, दाबून धरलं की आवाज मोठा. आता हात थरथरणाऱ्या माणसाचं काय होतं ते बघा. त्याला आवाज जरासा वाढवायचा असतो आणि कादंबरीचं चालू प्रकरणच उडून जातं. मागे यावं तर ते पहिल्यापासून सुरू. थोडे दिवस तो झटापट करतो, मग रेडिओ कपाटावर जातो आणि घरचे म्हणतात, "बाबांना ऐकायची आवडच नाही." आवड असते हो. कुणाला तरी सारखी हाक मारायची लाज वाटते, म्हणून ते गप्प बसतात.

म्हणून आवाजासाठी वेगळी, फिरवायची नॉब हवी. ‘टक्’ झालं की बंद, हे बोटाला कळलं पाहिजे. एफएम, कार्ड, ब्लूटूथ यांतलं काय चालू आहे ते सेटने बोलून सांगावं. इंग्रजीत सांगितलं तरी चालेल. स्टेशन शोधायलाही नॉब असेल तर उत्तम, कारण विविध भारती 100.6 वर आहे हे पडद्यावरचा मुका आकडा आम्हाला काय सांगणार? नॉब हळूहळू फिरवत कानाने स्टेशन पकडता येतं. चार्जिंगची पिन टाइप-सी असावी, ती कशीही घातली तरी बसते. जुनी मायक्रो यूएसबी उलटी-सुलटी करताना आमची बोटं दुखतात आणि सॉकेटही सैल होतं. सगळीच बटणं सारखी लागत असतील तर मुख्य बटणावर एम-सीलचा बारीक ठिपका लावा. आमच्या घरी मिक्सरपासून रिमोटपर्यंत सगळीकडे हेच ठिपके आहेत.

पुस्तकं ऐकणाऱ्याने एक परीक्षा दुकानातच घ्यावी. कार्डावरचं काहीतरी लावा, मध्येच बंद करा, परत चालू करा. जिथे सोडलं तिथूनच सुरू झालं तर घ्या. पहिल्या फाइलवर गेलं तर गाण्यांसाठी ठीक आहे, कादंबरीसाठी नाही. कार्ड 32 जीबीचं पुरे, त्याहून मोठी कार्डं स्वस्त सेट बरेचदा वाचतच नाहीत. 64 केबीपीएसच्या एमपी3 फाइली भरल्या तर एवढ्यात हजारावर तास मावतात. फाइली एकेक करून, क्रमाने कॉपी करा. कित्येक सेट नाव बघत नाहीत, ज्या क्रमाने भरल्या त्याच क्रमाने वाजवतात.

मोबाइल का नाही, असं तरुण मुलं विचारतात. मी स्वतः टॉकबॅकवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सोयीवर, मोबाइल वापरतो, ही पोस्टही तसाच लिहितोय, आणि न्यूज ऑन एआयआर अॅपवर देशभरची आकाशवाणी ऐकतो. ज्याला जमतं त्याने जरूर शिकावं. पण उतारवयात नजर गेलेल्या माणसाला सपाट काचेवर बोट फिरवत बसवायचं, हा मला अन्याय वाटतो.

डेझी प्लेअर, म्हणजे अंधांसाठीची बोलती पुस्तकं वाजवणारं यंत्र, ही वेगळीच चीज आहे. त्यावर प्रकरण, पान, वाक्य अशा उड्या मारता येतात, खुणा ठेवता येतात, वेग वाढवला तरी आवाज चिरका होत नाही. विद्यार्थ्याला तोच हवा. पण चांगले प्लेअर परदेशी बनावटीचे, आणि किंमत साध्या सेटच्या कित्येक पट. याचा मला मनापासून राग येतो. अंधांना वाचता येतील अशा रूपात पुस्तकं करायला कॉपीराइटची आडकाठी नको, असं सांगणाऱ्या माराकेश कराराला मान्यता देणारा पहिला देश भारत, 2014 साली. सुगम्य पुस्तकालय हे अंधांसाठीचं ऑनलाइन ग्रंथालय 2016 मध्ये सुरू झालं. त्याच वर्षीच्या दिव्यांग हक्क कायद्यात, कलम 43 मध्ये, सर्वांना वापरता येतील अशा ग्राहकोपयोगी वस्तूंना सरकारने चालना द्यावी असं लिहिलंय. पुस्तकाची वाट मोकळी झाली, पण ते ऐकायला परवडणारं, बोलणारं, बटणांचं देशी यंत्र माझ्या हाती अजून आलेलं नाही. हे काम खरंच एवढं अवघड आहे का?

दुकानाचंही सांगतो. मी सेट हातात घेऊन चाचपत असतो आणि दुकानदार माझ्या भाच्याला विचारतो, "यांना काय पाहिजे?" भाऊ, मला विचारा ना. पैसे मीच देणार आहे. सेट पाच मिनिटं माझ्या हातात राहू द्या, बॅटरी काढून घालू द्या. आणि बाबांना घेऊन जाणाऱ्या मुलांनो, तुम्हीही मध्ये बोलू नका. त्यांनी नाकारलेला सेट तुम्हाला कितीही आवडला तरी ठेवून द्या.

मे महिन्यात घेत असाल तर दुकानातला कूलर चालू असतानाच वाजवून बघा, घरीही तो घरघरतच असणार. बर्डीवरच्या मोदी नंबरच्या गल्ल्यांत कुणाला माझी सोबत हवी असेल तर खाली लिहा. रविवार सोडून कोणत्याही संध्याकाळी मी येईन.