‘कमी चाललेली एसयूव्ही म्हणजे नवीच’ : या मेसेजबद्दल खुलासा

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: १२ वर्षं जुनी एसयूव्ही ३०,००० किमीच चालली असेल तर डोळे झाकून घ्या, काहीच खर्च नाही. हे चुकीचं आहे.

रबर उभ्या गाडीतही कडक होतं. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात; २३१४ म्हणजे २०१४ सालचा २३वा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसली तरी असा टायर बदलायचाच. इंजिनात टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्हचा मेळ राखणारा रबरी पट्टा) असेल तर कंपनीच्या पुस्तिकेत बहुधा किमी आणि वर्षं दोन्हींची मर्यादा असते. जी आधी येईल ती धरायची. बेल्ट तुटला की बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि थेट हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, खोलावं लागतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, साधारण २ वर्षांनी बदलावं लागतं. कूलंटचे पाइप, सस्पेन्शनचे बुश (सांध्यांतले रबर), बॅटरी हेही वयानेच जातं.

मीटरही पारखून घ्या. क्लच पेडलचं रबर गुळगुळीत झालं असेल तर ३०,००० वर विश्वास ठेवू नका. सर्व्हिसच्या नोंदींतली रीडिंग वर्षागणिक जुळवा.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे ३ वर्षांत नोंदणी वाढवायला आरटीओची फिटनेस तपासणी आलीच. दिल्लीहून आलेल्या गाडीला तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) लागते, मध्य प्रदेशचा रोड टॅक्स वेगळा.

गाडी चांगली निघूही शकते, पण हा खर्च किमतीतून वजा करूनच बोला. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.