दोन तासांत स्कीइंग शिकून अफरवटवरून उतरता येत नाही

‘26 जानेवारीला जोडून गुलमर्ग! स्कीइंग! कसलीही तयारी लागत नाही!’ अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश सध्या घरोघरच्या ग्रुपांवर फिरतोय. त्यातलं सांगणं थोडक्यात असं: ऐन वेळी निघा, बुकिंगच्या भानगडीत पडू नका. डिसेंबर ते मार्च बर्फ हमखास असतो. जीन्स, तीन-तीन मोजे आणि गुलमर्गच्या पायथ्याशी तंगमर्गला भाड्याने मिळणारा कोट-गमबूट एवढं पुरतं. स्थानिक गाइड दोन तासांत स्कीइंग शिकवतो. दुसऱ्या दिवशी गोंडोलाने, म्हणजे केबल कारने, फेज टूला (वरच्या टप्प्याला) जा आणि अफरवट डोंगरावरून थेट गावापर्यंत घसरत या. हेल्मेट आणि विमा हे पैसे उकळायचे धंदे, कारण बर्फ मऊ असतो. थंडी वाजलीच तर ब्रँडी घ्या. आणि प्रीपेड सिम तिथे चालत नाही.

असले संदेश रोज येतात आणि मी ते न वाचता पुढे सरकते. हा वाचावा लागला, कारण तो माझ्या भाचीने पाठवला आणि खाली लिहिलं, “मावशी, शुक्रवारी निघतोय, चौघं. फेज टूची तिकिटं काढली.” चौघांपैकी एकानेही आजवर बर्फावर पाय ठेवलेला नाही. तेव्हा मुद्द्यांचा क्रम बाजूला ठेवून ज्यात जीव जाऊ शकतो त्या मुद्द्यापासून सुरुवात करते.

गुलमर्ग गाव साधारण 2,650 मीटरवर आहे. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत जातो आणि दुसरा अफरवटच्या खांद्यापर्यंत, म्हणजे सुमारे 3,950 मीटरवर. आपलं कळसूबाई 1,646 मीटर. दुपटीहून जास्त उंचीवर, समुद्रसपाटीवरून आदल्या दिवशी आलेला माणूस काही मिनिटांत पोचतो. डोकं जड होणं, धाप लागणं हे तिथे अनेकांना होतं. पण तो भाग गौण आहे. मुख्य गोष्ट ही की तिथून खाली येणारा उतार शिकाऊंसाठी केलेलाच नाही. युरोपातल्या रिसॉर्टमध्ये रात्री यंत्र फिरवून उतार सपाट करतात, तसं वर काही नसतं. पडला तसा बर्फ, कधी मांडीपर्यंत भुसभुशीत, कधी वाऱ्याने घट्ट झालेला, मध्येच खडक, आणि गावापर्यंत साधारण 1,300 मीटरची उतरण. गोंडोलासमोरच्या ठरावीक भागात हिमस्खलन रोखण्यासाठी गस्त आणि उपाय असतात. त्या भागाच्या डावी-उजवीकडे ते नसतात, आणि नवख्याला ती सीमा ओळखूही येत नाही.

हिमस्खलन म्हणजे काय ते गुलमर्गने पुन्हापुन्हा पाहिलंय. फेब्रुवारी 2010 मध्ये खिलनमर्गला लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे 17 जवान बर्फाखाली मृत्युमुखी पडले. बर्फात वावरण्याचंच प्रशिक्षण घेणारी ही माणसं होती. 1 फेब्रुवारी 2023 ला अफरवटच्या हापतखुद भागात पोलंडचे दोन स्कीपटू दगावले. 19 परदेशी आणि दोन स्थानिक गाइड यांना बाहेर काढलं. 22 फेब्रुवारी 2024 ला एक रशियन दगावला. हे लोक वर्षानुवर्षं स्की करणारे. आणि हा संदेश माझ्या भाचीला सांगतो, दोन तास शीक आणि त्याच डोंगरावरून खाली ये. लिहिणाऱ्याने स्वतः हे केलेलं नाही याबद्दल मला शंका नाही, कारण केलं असतं तर ‘घसरत या’ हा शब्द त्याने वापरला नसता.

तिकिटं काढलीच आहेत तर जरूर वर जा. मोकळं असेल तर नंगा पर्वत दिसतो. पण स्की खाली ठेवून जा आणि गोंडोलानेच परत या. वाऱ्यामुळे किंवा ताज्या बर्फामुळे फेज टू बंद ठेवला तर तिथल्या माणसांशी हुज्जत घालू नका, ते तुमच्यासाठीच बंद केलेलं असतं.

आता ते ‘दोन तास’. आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाने, म्हणजे एफआयएसने, उतारावर वावरणाऱ्यांसाठी दहा नियम घालून दिलेत. त्यातला दुसरा नियम मला इथे पुरतो: प्रत्येकाने ताब्यात राहून स्की करावी, वेग आणि पद्धत आपल्या कुवतीला, उताराला, बर्फाला, हवामानाला आणि गर्दीला धरून असावी. ताबा म्हणजे हवं तेव्हा आणि हवं तिथे थांबता येणं. दोन तासांत काय होतं ते सांगते. पहिला अर्धा तास बुटांत जातो. मग तळव्याला चिकटलेला बर्फ झाडून आधी बुटाचं टोक बाइंडिंगमध्ये, म्हणजे बूट स्कीला अडकवणाऱ्या खटक्यात, घालायचं आणि टाच दाबायची, टक् असा आवाज येईपर्यंत. सपाटीवर चालणं, आडवी पावलं टाकत उतार चढणं, कुशीवर पडणं, स्की उताराला आडव्या ठेवून उठणं. उठण्यातच अर्धी शक्ती जाते. मग स्नोप्लाऊ: स्कींची टोकं जवळ, मागच्या बाजू फाकवलेल्या, आतल्या कडांवर दाब. उतार दिसला की माणूस घाबरून मागे झुकतो, आणि मागे झुकलं की स्कींचं पुढचं टोक हलकं होतं, वळणही होत नाही आणि थांबणंही नाही. नडगी बुटाच्या जिभेवर टेकवून पुढे झुकायचं, हे शरीराच्या स्वभावाविरुद्ध आहे. ते कळायला पाच मिनिटं लागतात, अंगात यायला दिवस.

म्हणूनच आपल्याकडच्या सरकारी संस्था दोन तासांचा वर्ग घेत नाहीत. औलीला गढवाल मंडल विकास निगमचे अभ्यासक्रम सात आणि चौदा दिवसांचे आहेत. मनालीच्या अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेचा बेसिक स्की कोर्स साधारण दोन आठवड्यांचा असतो. गुलमर्गमध्येच केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनियरिंग आहे, तीही दिवसांच्याच हिशेबात शिकवते. तुमच्याकडे चौदा दिवस नाहीत, चारच आहेत, हे मान्य. चार दिवसांत सौम्य उतारावर थांबता आणि वळता येतं, आणि त्यात खरा आनंद आहे. पण तेवढंच येतं.

दुसरा घातक मुद्दा ‘बर्फ मऊ असतो’ हा. अभिनेत्री नताशा रिचर्डसन मार्च 2009 मध्ये कॅनडात माँ ट्रँब्लाँला शिकाऊंच्या उतारावर, शिक्षक बरोबर असताना पडली. हेल्मेट नव्हतं. उठली, बरं वाटतंय म्हणाली, मदत नाकारली. नंतर डोकं दुखायला लागलं आणि दोन दिवसांनी ती गेली. कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये रक्तस्राव झाला होता. हेल्मेटने सगळं टळतं असं नाही, पण डोक्याची दुखापत कमी होते, आणि भाड्याच्या दुकानात आपल्या मापाचं मिळेलच याचा भरवसा नाही. आपलं घेऊन जा. बाइकचं नको, त्याने नीट ऐकूही येत नाही, स्कीचंच घ्या.

आणि गुडघा. शिकाऊ माणसाला सर्वात जास्त भीती याची असायला हवी, आणि संदेशात याबद्दल अवाक्षर नाही. बाइंडिंगच्या पुढच्या आणि मागच्या भागावर एक छोटी खिडकी असते, तिच्यात आकडा दिसतो. माणूस पडून पाय पिळवटला की किती जोर लागल्यावर बूट सुटावा, ते तो आकडा ठरवतो. शेजारचा स्क्रू फिरवून तो बदलतात. तो अंदाजाने ठेवायचा नसतो. त्यासाठी आयएसओ 11088 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि स्की करण्याचा प्रकार, असं सगळं धरून आकडा काढतात. सावकाश चालवणाऱ्या नवख्याचा आकडा कमी, पन्नाशी ओलांडलेल्याचा आणखी एक पायरी खाली. बुटाच्या तळव्याची लांबी टाचेजवळ मिलिमीटरमध्ये छापलेली असते. दुकानदाराने यातलं काहीही न विचारता स्की हातात दिल्या, तर आधीच्या गिऱ्हाइकाचा आकडा तुमच्या पायात आलाय असं समजा. तो आधीचा माणूस 90 किलोचा आणि सफाईने स्की करणारा असेल, तर 52 किलोची मुलगी हळू वेगात पडली तरी बूट सुटणार नाही आणि पिळा गुडघ्याला बसेल. बाइंडिंग नीट असलं तरी गुडघ्याचे स्नायुबंध तुटू शकतात, हेही खरं. मग नीट नसताना काय होईल? भांडून विचारा: वजन विचारलं का, वय विचारलं का, स्क्रू फिरवला का. रांग खोळंबली तरी चालेल.

विमा ‘धंदा’ आहे म्हणे. पाय मोडला तर स्कीवरून खाली येता येत नाही, स्लेजवर बांधून आणतात. नीट उपचारांसाठी साधारण 50 किलोमीटरवरचं श्रीनगर, बरझुल्ल्याचं हाडांचं सरकारी रुग्णालय. मग पुण्यापर्यंत परत येणं, शस्त्रक्रिया, महिनोन्‌महिने फिजिओ. प्रवास विमा घ्याच, पण अनेक पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात. स्कीइंग धरलंय का, ते पॉलिसीच्या कागदात वाचून घ्या, विकणाऱ्याच्या तोंडून नव्हे.

कपड्यांचं पटकन सांगते. जीन्स ओली होते आणि ओलीच राहते, त्यामुळे नको. जलरोधक पँट भाड्याने मिळते. तीन मोजे तर अजिबात नको: स्कीचा बूट घट्टच असायला हवा, जास्त मोज्यांनी रक्तप्रवाह अडतो आणि पाय उलट जास्त गारठतात. लोकरीचा किंवा सिंथेटिक एकच लांब मोजा, नडगीवर सुरकुती न पडेल असा ओढलेला. तंगमर्गचा कोट आणि गमबूट बर्फात फिरायला ठीक, त्यात स्की करता येत नाही. गॉगल मात्र हवाच. दर हजार मीटरला अतिनील किरणं सुमारे 10 टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली 80 टक्क्यांपर्यंत परत डोळ्यांवर फेकतो. ढग असले तरी डोळे भाजतात. ब्रँडीने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, उबदार वाटतं आणि शरीरातली उष्णता बाहेर जाते. वर ताबाही जातो, म्हणजे पुन्हा दुसरा नियम.

‘हमखास बर्फ’ हा तर धडधडीत खोटा दावा. 2024 च्या जानेवारीत, ऐन चिल्लई कलांमध्ये, म्हणजे काश्मीरच्या सर्वात कडक थंडीच्या दिवसांत, गुलमर्गचे उतार तपकिरी होते. बर्फ महिनाअखेरीस आला. 2025 मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गमधला टप्पा फेब्रुवारीत ठरला होता, बर्फ नाही म्हणून तो मार्चमध्ये घ्यावा लागला. पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून येणारी हिवाळी वादळं, आले तर बर्फ, नाही तर नाही.

आणि इथेच मला त्या संदेशातलं एक अर्धसत्य मान्य करावं लागतं, नाखुशीने का होईना. बर्फ इतका बेभरवशाचा झालाय की तीन महिने आधी पैसे भरण्यापेक्षा, बर्फ पडल्याची खात्री करून ऐन वेळी निघणं शहाणपणाचं ठरू शकतं. पण म्हणून ‘काही तयारी नको’ कसं? विमानाचं तिकीट उशिरा काढा, हेल्मेट, मोजे, गॉगल, विमा यांना बर्फाची वाट बघायची गरज नाही. दोन आठवडे आधीपासून रोज उठाबशा आणि जिने चढणं यालाही नाही. सिमचंही बरोबर आहे, बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड तिथे चालत नाही. चौघांपैकी एकाकडे तरी पोस्टपेड असू द्या.

तर शुक्रवारी निघणाऱ्या चौघांनी असं करावं. पोचल्याच्या दिवशी स्की नको, गावात हिंडा, पाणी प्या. बर्फ असेल तर तंगमर्गच्या पुढचे 13 किलोमीटर साखळी लावलेल्या किंवा फोर बाय फोर गाडीनेच जावे लागतात, त्यासाठी वेळ धरा. रस्त्यात गाठून ‘सर, स्कीइंग’ म्हणणाऱ्या पहिल्याच माणसाबरोबर जाऊ नका. पर्यटन खात्याची नोंदणी बघा, आणि सगळे दिवस एकच शिक्षक ठरवा, रोज नवा नको. गोल्फ कोर्सच्या सौम्य उतारांवर शिका. त्याला गोंडोलाचं तिकीट लागत नाही, जवळच स्कीवर उभ्या माणसाला चढावर ओढून नेणारे छोटे लिफ्ट आहेत. दुपारी तीननंतर, पाय थकल्यावर, ‘एक शेवटची फेरी’ नको. आणि परतीच्या दिवशी बर्फ किंवा धुक्यामुळे श्रीनगरची विमानं रद्द होतात, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी नऊची मीटिंग ठेवू नका. ऑफिसला आत्ताच सांगून एक दिवस जास्त मागून घ्या.